सोंगाड्या नसलेला वग

जुलै १९८७मध्ये 'रोबोकॉप' आला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये 'स्टारशिप ट्रूपर्स'. दोन्हींचा दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन. लेखक एड न्यूमायर ('रोबोकॉप'ला जोडीला मायकेल मायनर), निर्मात्यांत जॉन डेव्हिसन, कॅमेरा यॉस्ट व्हाकानो, संगीत बेसिल पोलेडोरिस, आणि यंत्रं-किडे जिवंत करणारा फिल टिपेट. माणसं तीच, रक्त दोन्हीकडे बादल्यांनी, टिंगलही सत्तेची आणि टीव्हीचीच. तरी पहिल्याचं समीक्षकांनी बऱ्यापैकी कौतुक केलं आणि दुसऱ्याला झोडपलं.

झोडपलं म्हणजे कसं? नावाजलेला अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने 'रोबोकॉप'ला चारपैकी तीन तारे दिले होते, 'स्टारशिप'ला दोन. हा अकरा वर्षांच्या पोरांच्या मापाचा पिक्चर आहे, असा त्याचा सूर होता. 'वॉशिंग्टन पोस्ट'मधून तर थेट नाझी वृत्तीचा ठपका आला. आणि हा ठपका कोणावर? १९३८मध्ये जन्मलेल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या हेग शहरात बालपण काढलेल्या माणसावर. साधारण दहा कोटी डॉलर खर्चून जगभरातून बारा कोटींच्या आसपास गल्ला जमला. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थिएटरवाल्यांकडेच राहतो, म्हणजे हिशेब तोट्याचाच. ऑस्करला स्पेशल इफेक्ट्सचं नामांकन मिळालं, पण त्या वर्षी समोर 'टायटॅनिक' होता.

आज चित्र उलटं आहे. २००१नंतर टीव्हीवर युद्ध चोवीस तास दिसायला लागलं आणि लोकांनी हा सिनेमा परत काढून पाहिला. आता त्याच्यावर लिहिणारा बहुतेक जण 'तेव्हाच्या समीक्षकांना उपहास कळलाच नाही' असं म्हणून मोकळा होतो. मला हे फार स्वस्त वाटतं. ईबर्टला उपहास दिसला होता, तरी त्याने दोनच तारे दिले. मग अडलं कुठे, हे बघण्यासारखं आहे. आणि ते बघायला खान्देशातल्या प्रेक्षकाकडे एक चांगलं हत्यार आहे, तमाशा.

सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूत बसून ज्याने तमाशा पाहिला त्याला क्रम पाठ असतो. गण, गौळण, बतावणी, मग वग. वगातला राजा दुष्ट असला तरी पब्लिक त्याला खरं मानून बसत नाही, कारण शेजारी सोंगाड्या उभा असतो. राजा हुकूम सोडतो, 'माझ्या राज्यात कोणी उपाशी दिसता कामा नये!' सोंगाड्या पब्लिककडे वळतो, 'म्हणजे उपाशी असंल त्याला शिवेबाहेर काढा.' तंबू हसतो. राजाचं वाक्य आणि त्याचा अर्थ यांच्यातली फट दाखवणं हे सोंगाड्याचं काम. आता तोच वग सोंगाड्याला घरी ठेवून उभा करा. राजा हुकूम सोडतो, ढोलकी कडाडते, दरबार जयजयकार करतो, पुढचा प्रवेश. अर्ध्या तंबूला वाटेल, मंडळाने राजाकडून सुपारी घेतली. 'रोबोकॉप'मध्ये सोंगाड्या आहे आणि 'स्टारशिप'मध्ये तो मुद्दाम काढून टाकलाय. दोन सिनेमांच्या नशिबातला फरक मुख्यतः एवढाच आहे.

'रोबोकॉप'मधला बोर्डरूमचा प्रसंग जवळून बघू. पोलीसखातं चालवायला घेतलेली कंपनी आपला नवा यंत्रमानव दाखवतेय, 'ईडी-२०९'. किनी नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या हातात पिस्तूल देऊन ते यंत्रावर रोखायला सांगतात. यंत्र बजावतं, शस्त्र खाली टाक, वीस सेकंद आहेत. किनी लगेच पिस्तूल टाकतो. यंत्र म्हणतं, आता पंधरा सेकंद. इथून खोलीत धावपळ. किनी सहकाऱ्यांच्या आडोशाला पळतो, ते त्याला परत पुढे ढकलतात. कंट्रोल पॅनेलवरचे तंत्रज्ञ वायरी उपसतायत. मग गोळ्या. किनी ज्याच्यावर पडतो ते टेबलावरचं नव्या शहराचं मॉडेल असतं. धूर विरायच्या आत प्रकल्पाचा प्रमुख सांगतो, किरकोळ बिघाड आहे. आणि कंपनीचा म्हातारा मालक भडकतो कशावरून? या लांबणीमुळे नुसत्या व्याजापोटी पाच कोटी डॉलर जातील यावरून.

अमेरिकेत सिनेमांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने या प्रसंगावर कात्री मागितली. मर्फीची (म्हणजे पुढे ज्याचा रोबोकॉप बनतो त्या पोलिसाची) हत्या आणि शेवटची भोसकाभोसकी यांवरही मागितली. सिनेमा परत परत पाठवावा लागला, तेव्हा कुठे हवं ते प्रमाणपत्र मिळालं. कापलेलं काम सेकंदांचं होतं, पण कापलं कुठे ते महत्त्वाचं. मूळ प्रतीत किनी मॉडेलवर पडल्यावरही यंत्र गोळ्या झाडतच राहतं. थांबतच नाही. मेलेल्या माणसाला एवढा वेळ मारत बसणं इतकं निरर्थक आहे की भीती ओलांडून हसू फुटतं. तो लांबलेला तुकडा काढला की उरतो एक चटकन झालेला, पटण्याजोगा खून. व्हरहोव्हनची तक्रार तीच होती की कापून तुम्ही प्रसंग जास्त क्रूर केलात. टीव्हीवर किंवा कोणत्याही कापलेल्या प्रतीत हा सिनेमा पाहून 'उगाच रक्तपात' असं लिहिणाऱ्याने आधी आपण कोणती प्रत पाहिली ते तपासावं. थिएटरची प्रत १०२ मिनिटांची आहे, न कापलेली प्रत जेमतेम मिनिटभराने मोठी.

त्याच सिनेमात मर्फीचा खूनही असाच लांबवलेला आहे, पण तिथे कोणी हसत नाही आणि हसणं अपेक्षितही नाही. हात उडतो, मारणारे खिदळतात, कॅमेरा मर्फीच्या चेहऱ्यावर राहतो. इथे रक्ताचं काम वेगळं आहे. या माणसाबद्दल आपल्याला पुढचा तासभर वाईट वाटत राहायला हवं, त्याची ती पेरणी आहे. हिंसेचं परीक्षण करताना 'किती' हा प्रश्न फारसा कामाचा नसतो. गोळी सुटल्यावर कॅमेरा कोणाकडे वळतो ते बघावं. मेलेल्याकडे, मारणाऱ्याकडे की व्याजाचा हिशेब करणाऱ्याकडे, यावरून प्रसंगाचा हेतू कळतो.

आणि सोंगाड्या? तो बातम्यांमध्ये आणि जाहिरातींमध्ये बसलाय. मध्येच टीव्ही सुरू होतो, हसऱ्या चेहऱ्याचे निवेदक संहाराची बातमी देतात, पाठोपाठ घरच्या घरी खेळायच्या अणुयुद्धाच्या खेळाची जाहिरात. कथा थांबवून कोणीतरी प्रेक्षकाकडे वळून डोळा मारतं. त्यामुळे समीक्षकाची सोय झाली. दिग्दर्शक कोणाच्या बाजूचा आहे ते त्याला शोधावं लागलं नाही.

दहा वर्षांनी त्याच लेखकाने त्याच बातम्या, त्याच जाहिराती परत वापरल्या, पण या वेळी त्या राजाच्या मालकीच्या केल्या. 'स्टारशिप' ही परग्रहावरच्या राक्षसी किड्यांशी लढणाऱ्या भविष्यातल्या माणसांची गोष्ट, आणि तिची सुरुवातच सरकारी प्रचारपटाने होते. जवान रांगेत उभे राहून एकेक जण आपलं कर्तव्य सांगतो. ही रचना व्हरहोव्हनने लेनी रीफनश्टालच्या १९३५च्या नाझी प्रचारपटावरून उचलली आणि ते लपवलंही नाही. पुढे सैनिक पोरांना बंदुकीच्या गोळ्या वाटतात. मुलं रस्त्यावर झुरळं चिरडतात आणि बाजूला बाई आनंदाने टाळ्या पिटत ओरडते. एका खुन्याला आज पकडलं, आजच खटला झाला, आज संध्याकाळी सहाला देहदंड, सगळ्या चॅनलवर. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तोच प्रश्न, अजून माहिती हवी? इथे डोळा मारणारं कोणी नाही. पूर्ण सिनेमाच ती जाहिरात आहे, आणि नायक रिको तिच्या आत जन्मला, आत वाढला, शेवटीही आतच आहे.

इथे १९९७च्या परीक्षणांतल्या नेमक्या दोन-तीन तक्रारी घेऊ, कारण त्या मूर्खपणाच्या नव्हत्या.

पहिली, नटांचा अभिनय लाकडी. खरंच लाकडी आहे. कॅस्पर व्हॅन डीन आणि डेनिस रिचर्ड्स दिसायला साबणाच्या जाहिरातीतले, बोलायला पाठांतर स्पर्धेतले. पण अभिनय वाईट आहे की मुद्दाम सपाट ठेवलाय हे ठरवायची एक सोपी कसोटी आहे. बाजूच्या नटांकडे बघा. शिक्षक आणि नंतर लेफ्टनंट झालेला मायकेल आयर्नसाइड किंवा कवायत सार्जंट झालेला क्लॅन्सी ब्राउन यांच्या वाक्यांना वजन आहे, चेहऱ्यावर सावल्या आहेत. दिग्दर्शकाला अभिनय काढून घेता येत नसता तर तेही सपाटच झाले असते. सपाट आहेत ते फक्त पोस्टरवर छापायचे चेहरे. व्हाकानोचा प्रकाशही बघा. 'रोबोकॉप'मध्ये त्याने गल्ल्या काळोख्या ठेवल्या होत्या, इथे शाळा, घर, छावणी सगळं लख्ख, टीव्ही मालिकेसारखं. संगीत तर पूर्ण शुद्ध वीररसाचं. पोलेडोरिसने एकही सूर चेष्टेचा लावलेला नाही. ज्याला खूण हवी होती त्याला कॅमेऱ्यानेही दिली नाही आणि वाद्यांनीही नाही.

दुसरी तक्रार हाइनलाइनच्या १९५९च्या मूळ कादंबरीच्या चाहत्यांची. कादंबरी तिचं तत्त्वज्ञान गंभीरपणे मांडते आणि तिला ह्यूगो पुरस्कारही मिळालेला. व्हरहोव्हनने ती काही प्रकरणांत कंटाळून सोडली, हे त्याने स्वतःच सांगितलंय. कादंबरीतलं सैनिकांचं यांत्रिक चिलखतही सिनेमात नाही. त्यामुळे या मंडळींचा राग रास्त होता, पण तो आपल्या विषयाच्या थोडा बाहेरचा आहे.

तिसरी तक्रार जाहिरातीची. ट्रेलर बघून येणाऱ्याला किडे आणि बंदुका एवढंच वचन दिलं होतं. ते वचन पाळलंही गेलं. ज्याला तेवढंच हवं होतं तो खूश होऊन गेला, आणि सोबत आलेला समीक्षक त्या खुशीनेच घाबरला. टाळ्या कशाला पडतायत हे बघून सिनेमाबद्दल मत बनवणं चूक म्हणता येत नाही.

धुळ्यात किंवा चोपड्यात हा सिनेमा पोरांना दाखवला तर पहिली प्रतिक्रिया बहुधा हीच येईल, 'हिरो जिकना ना भो, मंग वांधा काय शे?' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. नायकाची आई-बाप मेली, मैत्रीण डिझी मेली, मास्तर मेला, तो स्वतः भर चौकात फटके खाऊन आला आणि शेवटी अधिकारी झाला. नेहमीच्या पिक्चरच्या हिशेबाने हा विजयच. उत्तर द्यायचं तर शेवटच्या प्रवेशावर बोट ठेवावं लागतं. पकडलेल्या मेंदू-किड्याला हात लावून नायकाचा शाळासोबती कार्ल जाहीर करतो, हा घाबरलाय! आणि मैदानभर आनंदाचा गजर होतो. एक प्राणी भेदरला म्हणून हजार माणसं नाचतायत, आणि कार्लच्या अंगावरचा कोट नाझी गुप्त पोलिसांच्या कोटाच्या मापाने शिवलेला. लगेच नवी भरतीची जाहिरात. ती बघूनही 'वांधा काय' हा प्रश्न उरला तर वाद घालायला हरकत नाही, पण पुरावा पडद्यावर आहे.

एक प्रसंग मात्र आपल्याकडे वेगळा लागतो आणि तो वेगळा लागणं बरोबर आहे. भरती कार्यालयातला माणूस नायकाशी हात मिळवतो, सैन्याने मला घडवलं म्हणतो आणि टेबलामागून सरकतो तेव्हा दिसतं की त्याला पाय नाहीत, हातही लोखंडी. अमेरिकन प्रेक्षक इथे हसला. ज्या भागात पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पोरं सोळाशे मीटरची तयारी करतात, जिथे राज्य राखीव दलाची तुकडी गावातच आहे आणि घरटी नाही तरी गल्लीटी एक जवान आहे, तिथे हे हसू घशात अडकणार. त्याला 'उपहास न कळणं' म्हणू नये. त्या प्रेक्षकासाठी परीक्षणात एक वाक्य जास्त लिहावं. टिंगल पाय गमावलेल्या माणसाची नाही. त्या राज्यात मत द्यायचा हक्कच नोकरी केलेल्याला मिळतो, बाकीचे नुसते रहिवासी. पाय गमावणं हे तिथे मतदारकार्डासाठी मोजलेली किंमत झालंय आणि ते कोणाला विचित्र वाटत नाही. हे सुरुवातीच्या वर्गातल्या संवादात येतं, आणि पोरं तिथे नेमकी मोबाइल बघत असतात.

डबिंगबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे इंग्रजी ॲक्शनपट हिंदीत येतात तेव्हा डब करणाऱ्यांना वाक्यावाक्याला टपोरी फोडणी द्यायची सवय असते. एरवी मजा येते. पण जिथे विनोदच असा आहे की कोणीही विनोद करत नाही, तिथे एक जादा कोटी घुसवली की सगळा ताण सैल होतो. सरकारी निवेदक चेष्टेत बोलला की तो सरकारी राहत नाही. म्हणून मूळ आवाज आणि खाली अक्षरं, हेच बरं. अक्षरं लावतानाही जाहिरातींवरच्या पाट्या सुटतात, त्यांचं भाषांतर कोणी करत नाही. ते हाताने लिहून द्यावं. दुसरा घोळ तुकड्यांचा. बळ हेच सगळ्या सत्तेचं मूळ, हे वर्गातलं भाषण तीस सेकंदांत कापून मागे ढोल लावला की ते कोणत्याही मेळाव्यात खपेल. बोलणाऱ्याचा एक हात तुटून गेलेला आहे, हे उभ्या रीलच्या चौकटीत मावतच नाही.

कॉलेजच्या मंडळाला दोन्ही सिनेमे एका दिवशी दाखवायचे असतील (हक्कधारकाची परवानगी आणि प्रौढ प्रेक्षक, हे गृहीत) तर १०२ आणि १२९ मिळून २३१ मिनिटं होतात. वीस मिनिटांचा चहा धरला तर सव्वाचार तासांच्या आत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५वर असताना पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी हा उद्योग करू नये, दिवे लागणीनंतरच. क्रम 'रोबोकॉप' आधी, कारण तो प्रेक्षकाला जाहिरात ऐकायला शिकवतो. उलट क्रमाने लावलं तर पहिला सिनेमा वाया जातो. चर्चा दोन्ही संपल्यावर घ्यावी, पण मधल्या चहाला एकच काम द्यावं. कागदावर तीन रकाने, काय बोललं गेलं, त्याच वेळी पडद्यावर काय दिसलं, आणि ते कोण दाखवत होतं. 'स्टारशिप'मधले पाच-सहा प्रसंग असे भरले की पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याचं भांडण आपोआप दिसतं. उदाहरणार्थ, बोललं गेलं, शूरांची चढाई. दिसलं, एका तासात एक लाख मेले. दाखवलं सरकारी वाहिनीने, आणि तिने चेहरा पाडायच्या आत सेनापती बदलल्याची बातमीही दिली. परीक्षण लिहिणाऱ्यालाही हाच कागद पुरतो. गोष्ट सांगण्यात निम्मा लेख घालवू नका, ती सगळ्यांना कळते.

चढाईच्या आधीचा एक छोटा प्रसंग या कागदावर हमखास यावा. बातमीदार जवानांना विचारतो की काही लोकांच्या मते किड्यांना माणसानेच डिवचलं, त्यांच्या मुलखात वस्ती करून. 'जगा आणि जगू द्या' बरं नाही का? वाक्य पुरतं बाहेर पडतंय तोच रिको कॅमेऱ्यात घुसतो, मी (हल्ल्यात बेचिराख झालेल्या) ब्यूनोस आयरेसचा आहे आणि मी म्हणतो सगळे मारा! मित्र आरोळी ठोकतात. अख्ख्या सिनेमात सोंगाड्याला मिळालेली जागा ही एवढीच, आणि तिथून त्याला खुद्द नायकानेच हुसकावलं.

आता सिनेमाच्या पदरात त्याचं माप घालायला हवं. नव्या कौतुकात एक गोष्ट राहून जाते. टिपेटचे किडे फार चांगले झालेत. 'रोबोकॉप'मधला ईडी-२०९ छोट्या बाहुलीला एकेक चौकट हलवून चालवला होता. त्याची चाल अडखळती होती आणि जिन्यावरून तो कोसळला तेव्हा हसू येणं सोपं होतं. 'स्टारशिप'चे किडे संगणकावरचे, हजारोंनी येणारे, ओले, वजनदार. किल्ल्याला वेढा पडतो तेव्हा प्रचार वगैरे सगळं विसरायला होतं. आपणही तटावर बंदूक धरून उभे असतो. काही जण म्हणतात, हेच तर व्हरहोव्हनला हवं होतं, तुम्हालाही ओढून दाखवायचं. असेल. पण मग सिनेमाने आपल्याला परत बाहेरही काढायला हवं होतं, आणि ते काम त्याने एका कोटाच्या कापडावर आणि शेवटच्या जाहिरातीवर सोडलंय. मर्फीसारखं कोणी इथे नाही, ज्याचं नुकसान मनात राहील. डिझी मरते तेव्हा तिला अंतराळात सोडतात, वाद्यं चढतात, आणि पुढच्या प्रसंगात रिकोला बढती. वाईट वाटायला जागाच ठेवलेली नाही. हेही मुद्दाम केलं असेल, तरी दोन तास नऊ मिनिटं मुद्दाम कोरडं राहणं हा दोषच. ईबर्टचे दोन तारे मला कंजुषीचे वाटतात. माझे तीन, आणि चौथा मी 'रोबोकॉप'च्या त्या बोर्डरूमसाठी राखून ठेवला असता.